चेंडूच्या गालावरची खळी

'खळी' म्हटलं की आपल्या मासिकाच्या या पानांवर साधारणपणे एक कविता सुरू होते. घाबरू नका, ही कविता नाही! मी ज्या खळीबद्दल लिहिणार आहे ती गोल्फच्या चेंडूवर असते. एकेका चेंडूवर तीनशे ते पाचशे खळ्या, आणि प्रत्येकीची खोली सरासरी पाव मिलिमीटर. गोल्फवाले तिला डिंपल म्हणतात. आपणही तसंच म्हणू, म्हणजे कविमित्रांशी भांडण नको.

गोल्फ हा विषय बघून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. "आपल्यातले किती जण गोल्फ खेळतात रे? श्रीमंतांचे चोचले!" मान्य आहे. चेंबूरला आणि येरवड्याला गोल्फ कोर्स आहेत, पण आपल्यातल्या बहुतेकांनी ते कुंपणाच्या बाहेरूनच पाहिलेत. मीसुद्धा गोल्फची काठी आजवर हातात धरलेली नाही. पण हा चेंडू मला खेळाडूंकडून नाही, फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकातून भेटला, आणि पुस्तकात त्याच्याबद्दल जेवढं दिलंय त्यापेक्षा न दिलेलं जास्त महत्त्वाचं आहे असं माझं मत झालं. त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. डिंपल्समुळे चेंडू लांब जातो, हे खरं. पण इंजिनिअरची खरी कसोटी लांब जाण्यात नाही. तो दर वेळी सारखाच जाण्यात आहे. आणि नेमकी हीच गोष्ट चार वर्षांत आपल्याला कुणी विचारत नाही. ना व्हायवाला, ना प्रोजेक्टला.

व्हायवाचं उत्तर

आधी पुस्तकी भाग उरकून घेऊ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोल्फचा चेंडू म्हणजे चामड्याच्या पिशवीत ठासून भरलेली पिसं. १८४८ च्या सुमारास गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकापासून गुळगुळीत चेंडू बनू लागले. स्वस्त, टिकाऊ, दिसायला छान. पण खेळणाऱ्यांच्या एक विचित्र गोष्ट लक्षात आली. नवा कोरा चेंडू मध्येच मान टाकायचा, आणि वापरून वापरून ओरखडे पडलेला जुना चेंडू मस्त उडायचा. मग कारागीर नव्या चेंडूवर हातोडीनेच खुणा पाडू लागले. पुढे साच्यातच पुटकुळ्या असलेले चेंडू आले. शेवटी इंग्लंडमधल्या लेस्टर गावच्या विल्यम टेलरने सप्टेंबर १९०५ मध्ये उलटा विचार नोंदवला: पुटकुळ्यांऐवजी खळगे. हा टेलर भिंगं बनवणाऱ्या कंपनीतला माणूस. पृष्ठभागाची बारीक पारख असणारा!

हे का होतं, ते कळायला अजून थोडा वेळ लागला. १८९० च्या दशकात एडिंबरोच्या प्रा. पी. जी. टेट यांनी दाखवलं की चेंडूला मिळणारी उलटी फिरकी त्याला हवेत उचलून धरते. (त्यांचा मुलगा फ्रेडी हा नामांकित गोल्फपटू होता. घरातच प्रयोगशाळा!) १९१२ साली आयफेलला, होय, त्याच मनोऱ्यावाल्या आयफेलला, दिसलं की ठरावीक वेगानंतर गोळ्यावरचा ड्रॅग एकदम कोसळतो. १९१४ साली प्रांटलने गोळ्याभोवती एक बारीक तार बसवून तोच परिणाम कमी वेगाला घडवून आणला. तारेमुळे बाउंडरी लेयर टर्ब्युलंट होतो, त्यामुळे पृष्ठभागाला जास्त वेळ चिकटून राहतो, मागची वेक अरुंद होते आणि ड्रॅग घटतो. डिंपल्स हेच काम करतात. व्यावसायिक खेळाडूने मारलेला गुळगुळीत चेंडू डिंपल्सवाल्याच्या जेमतेम निम्मं अंतर जाईल.

थोडं आकड्यांत बघू. चेंडूचा व्यास ४२.६७ मिमी. काठीवरून सुटताना वेग सेकंदाला ७० मीटर धरला, तर रेनॉल्ड्स नंबर येतो सुमारे २ लाख. गुळगुळीत गोळ्याचा ड्रॅग कोसळायला लागतात सुमारे ३ लाख. म्हणजे गुळगुळीत चेंडू कितीही दणकून मारला तरी त्या उंबरठ्याच्या अलीकडेच अडकणार! डिंपल्समुळे तो उंबरठा ५० हजारांच्या आसपास खाली येतो. उतरताना वेग ३० मीटरवर आला तरी रेनॉल्ड्स नंबर ८५ हजार असतो. म्हणजे सगळा प्रवास उंबरठ्याच्या पलीकडेच.

एवढं सांगितलं की एक्स्टर्नल खूश, "नेक्स्ट!" आपणही खूश. पण खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

संत्रं कसं ठेवायचं?

असं समजा की तुम्हाला एका संत्र्यावर डिंपल्स पाडायचेत. देठ वर आणि बूड खाली. चेंडू दोन अर्ध्या साच्यांत बनतो, त्यामुळे बरोबर मध्यावर, विषुववृत्तावर, दोन्ही साचे जुळतात तिथे एक शिवण राहते. शिवणीवर बाहेर आलेला जादाचा माल घासून काढावा लागतो, म्हणून परंपरेने त्या रेषेवर डिंपल ठेवतच नसत. झालं! चेंडूच्या कमरेला टकलाचा एक पट्टा तयार.

आता चेंडू फटका खाऊन फिरतो, मिनिटाला दोन-तीन हजार फेरे. संत्रं देठ-बूड आडवं ठेवून मारलं, तर ते देठाभोवती फिरेल आणि कमरेचा पट्टा कायम उडण्याच्या उभ्या प्रतलातच राहील. तेच संत्रं देठ पुढे करून ठेवलं, तर ते कोलांट्या खात जाईल आणि पट्टा वेगळ्याच पद्धतीने हवेला सामोरा जाईल. चेंडू तोच, फटका तोच, हवा तीच. पण लिफ्ट आणि ड्रॅग वेगळे, म्हणून उंची वेगळी आणि अंतरही वेगळं! खेळणाऱ्याला मात्र वाटणार, आज आपला हात नीट चालत नाहीये.

डिंपल्सची नक्षी आखणाऱ्यांचा गेल्या काही दशकांतला मोठा झगडा या एका प्रश्नाशी आहे. चेंडू कसाही ठेवला तरी त्याने सारखंच उडायचं. वाचायला सोपं वाटतं. करायला बसलं की आधी भूमितीच आडवी येते.

सपाट फरशीवर षटकोनी लाद्या बसवल्या तर कुठेही फट राहत नाही. गोळ्यावर मात्र फक्त षटकोन बसवताच येत नाहीत. ऑयलरचं सूत्र आठवा: शिरोबिंदू वजा कडा अधिक पृष्ठं बरोबर २. त्यातून असं निघतं की षटकोन आणि पंचकोन मिळून गोळा झाकायचा, आणि प्रत्येक कोपऱ्यात तीन लाद्या भेटायच्या, तर पंचकोन नेमके १२ लागतात. अकरा नाही, तेरा नाही. फुटबॉलवर काळे पंचकोन मोजून बघा! गोल्फच्या चेंडूचंही तसंच. प्रत्येक डिंपलला सहा शेजारी देता येत नाहीत. कुठेतरी पाचच शेजारी असलेले निघणारच. म्हणजे अगदी एकसारखी नक्षी गणितानेच नाकारलेली आहे. डिझायनरच्या हातात उरतं काय, तर ही असमानता सगळीकडे समान वाटून देणं.

म्हणून मग अष्टफलक, विंशतिफलक अशा नियमित घनाकृतींचा आधार घेतात. अनेक दशकं ३३६ डिंपल्सची अष्टफलकी नक्षी चालली: आठ त्रिकोण, प्रत्येकात ४२. नंतर वीस त्रिकोणांची नक्षी आली. त्यातली एक युक्ती मला फार आवडली. वीस त्रिकोणांच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडले की गोळ्यावर बरोबर सहा मोठी वर्तुळं तयार होतात. डिंपल्स अशा बेताने मांडायचे की या सहाही वर्तुळांवर एकही डिंपल येणार नाही. त्यातल्या एका वर्तुळावर साच्याची शिवण, आणि बाकी पाच मुद्दाम ठेवलेल्या तशाच रेषा. एक टकलाचा पट्टा म्हणजे दोष. तसेच सहा पट्टे चहूबाजूंनी सारखे वाटले, की झाली सममिती! दोष काढता येत नसेल तर तो सगळीकडे सारखा वाटा... आपल्या मेसच्या आमटीलाही हे तत्त्व लागू पडेल. असो.

पुढे त्याहून धीट उपाय आला. शिवण सरळ ठेवायचीच नाही, नागमोडी करायची, म्हणजे वरच्या साच्यातले डिंपल्स खालच्यांच्या मधल्या जागांत दात घालून बसतात आणि टकलाचा पट्टाच उरत नाही. साचा बनवणाऱ्याची आणि चेंडू साफ करणाऱ्याची मात्र कसोटी. काही जणांनी शिवण घासताना होणारा फरक गृहीत धरून ध्रुवांजवळचे डिंपल्स किंचित उथळ केले. वेगवेगळ्या व्यासांचे डिंपल्स मिसळून मधल्या मोकळ्या जागा भरल्या. २००० साली आलेल्या टायटलिस्टच्या प्रो व्ही-वन चेंडूवर ३९२ डिंपल्स होते. २०२१ च्या आवृत्तीत ३८८, आणि नक्षी चतुष्फलकावर बेतलेली. चतुष्फलक म्हणजे नियमित घनाकृतींमधला सगळ्यांत साधा गडी! कागदावर विंशतिफलक जास्त देखणा, पण शेवटी चेंडू उडायचा असतो हवेत. आदर्श संख्या अमुकच, असं काही नाही.

केसाचा तिसरा हिस्सा

नक्षी जमली तरी काम संपत नाही. डिंपलची खोली सुमारे ०.२५ मिमी. त्यात ०.०२५ मिमीचा फरक पडला तरी चेंडूची वाट आणि अंतर लक्षात येण्याइतकं बदलतं. ०.०२५ मिमी म्हणजे २५ मायक्रॉन, आपल्या डोक्यावरच्या केसाचा साधारण तिसरा हिस्सा. आता विचार करा: साचा झिजतो, वर रंगाचा थर बसतो, तो खळग्यात किंचित जास्त साचतो. वर्कशॉपमध्ये व्हर्नियर हातात घेऊन आपण ज्या बेफिकिरीने शेवटचा आकडा टाकतो, तो आकडा इथे सगळं काही ठरवतो.

डिंपलच्या आत नक्की काय घडतं, याचंही उत्तर पुस्तकात दिलंय तितकं सरळ नाही. सोल नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २००६ साली हॉट-वायरने मोजून दाखवलं की डिंपलच्या तोंडाशी प्रवाह क्षणभर सुटतो, त्या पातळ थरात अस्थिरता वाढते आणि तो पुढे पुन्हा पृष्ठभागाला येऊन चिकटतो. माझ्या मुद्द्याशी जास्त संबंध आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. गोळा नुसता वाळूच्या कागदासारखा खरखरीत केला, तरी ड्रॅग एकदा कोसळतो खरा, पण वेग आणखी वाढला की पुन्हा चढू लागतो. डिंपल्स असले की उंबरठा ओलांडल्यावर ड्रॅग कोइफिशंट जवळपास सपाट राहतो. म्हणजे फटका थोडा जोरात बसला किंवा थोडा हळू, तरी चेंडूचा स्वभाव बदलत नाही. खरखरीतपणाने अंतर मिळालं असतं. डिंपलने अंतराबरोबर भरवसा दिला.

क्रिकेटचं काय?

इथे कुणीतरी म्हणणारच, "आमच्या क्रिकेटच्या बॉलला नाही लागत असली सममिती!" बरोबर. उलट क्रिकेटची सगळी गंमत असममितीत आहे. शिवण तिरकी धरायची, एक बाजू घासून घासून चकचकीत ठेवायची, दुसरी खडबडीत होऊ द्यायची. एका बाजूचा बाउंडरी लेयर लवकर सुटतो, दुसऱ्या बाजूचा उशिरा, आणि चेंडू वळतो. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचा रिव्हर्स स्विंग आठवा. क्रिकेटमध्ये चेंडू गोलंदाजाच्या हातातलं शस्त्र आहे आणि समोर चकवायला एक फलंदाज आहे. गोल्फमध्ये समोर कुणीच नसतं. चेंडू स्थिर, खेळाडू एकटा, आणि जे काय होईल त्याला तोच जबाबदार. म्हणून तिथे चेंडूने स्वतःचं काही मिसळायचं नसतं.

हा मुद्दा एका जुन्या भांडणात फार स्वच्छ दिसतो.

सरळ जाणारा चेंडू का नाकारला?

१९७० च्या दशकात अमेरिकेत पोलारा नावाचा चेंडू आला. त्याच्या कमरेभोवती नेहमीच्या खोलीच्या डिंपल्सच्या सहा ओळी, आणि उरलेल्या भागात अगदी उथळ डिंपल्स. ठरवून दिलेल्या दिशेने टीवर ठेवला, की वाकडा फटका बसला तरी चेंडूचा फिरण्याचा अक्ष उडता उडता सावरायचा आणि चेंडू बऱ्यापैकी सरळ जायचा. तुम्ही म्हणाल, मग हेच तर हवं होतं ना? सारखी उड्डाणं! पण अमेरिकन गोल्फ असोसिएशनने त्याला स्पर्धांमध्ये मान्यता दिली नाही, आणि १९८१ मध्ये नियमच केला की चेंडूचं वागणं सममित गोळ्यासारखंच असलं पाहिजे. पोलारावाले कोर्टात गेले. १९८५ मध्ये असोसिएशनने १३ लाख ७५ हजार डॉलर देऊन प्रकरण कोर्टाबाहेर मिटवलं. नियम मात्र राहिला. आजही आहे.

पैशांच्या बाबतीत कुणाची बाजू बरोबर, त्यात मी पडत नाही. नियमामागचा विचार मात्र मला पटतो. पोलारा आणि चांगला सममित चेंडू, दोघंही 'सारखे' जातात. पण पोलारा खेळाडूची चूक झाकतो. सममित चेंडू फक्त स्वतःची चूक काढून टाकतो, त्यामुळे खेळाडूची चूक उघडी पडते. काठीचं तोंड एक अंश फिरलं आणि चेंडू एक अंश वाकडा निघाला, तर २५० यार्डांवर तो सव्वाचार यार्डांहून जास्त बाजूला पडतो. चेंडू भरवशाचा असेल तर खेळाडूला कळतं, "हा एक अंश माझा." मग तो सुधारू शकतो. चेंडूच कधी डावीकडे, कधी उजवीकडे जाणारा असेल, तर हजार फटके मारूनही माणूस काही शिकणार नाही. कशाला दोष द्यायचा हेच कळत नाही!

माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचा अर्थ हाच आहे. सातत्य हवं ते शिकता यावं म्हणून. ज्या साधनाचं उत्तर दर वेळी बदलतं, त्या साधनावर कुणीही काहीही शिकू शकत नाही.

आता आपल्याकडे वळू

आपल्या प्रॅक्टिकल्सकडे या नजरेने बघा. सेटअप एक, बॅच वीस जणांची, वेळ दोन तास. मॅनोमीटरची पातळी वर-खाली नाचतेय. एक जण वाचतो, एक लिहितो, बाकीचे मागे गप्पा मारतात. पाच रीडिंग्ज, पाच वेगवेगळ्या वेगांना, प्रत्येक वेगाला एकच. ग्राफ काढायचा, एखादा बिंदू रेषेबाहेर गेला तर "एक्स्पेरिमेंटल एरर" म्हणून निष्कर्षात एक वाक्य टाकायचं. तेच वेगळं रीडिंग दुसऱ्यांदा घेऊन बघू, असं म्हणणारा आमच्या बॅचमध्ये तरी मला दिसला नाही. तशी कुणी मागणीही करत नाही.

प्रोजेक्टचं तर विचारूच नका. "एफिशियन्सी १८ टक्क्यांनी वाढली" असा निकाल प्रेझेंटेशनच्या शेवटच्या स्लाइडवर ठळक अक्षरांत झळकतो. किती वेळा मोजलं? एकदा. नुसतं तेच यंत्र, काहीही बदल न करता दोनदा चालवलं असतं तर दोन रीडिंग्जमध्ये किती फरक आला असता? माहीत नाही. कदाचित वीस टक्के! मग ते १८ टक्के आपल्या सुधारणेचे की हवेतल्या दमटपणाचे? हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांनाच अडचणीचं आहे.

आपण सगळे 'बेस्ट रीडिंग'च्या मागे लागलोय. गोल्फच्या चेंडूचा कारखाना आपल्यासारखा चालवला, तर शंभर चेंडू मारून त्यातला सगळ्यांत लांब गेलेला ते कॅटलॉगवर छापतील आणि उरलेले ९९ लोकांना विकतील!

त्यांच्याकडे काय करतात? फटका मारायला एक यंत्र ठेवतात. अमेरिकेतल्या अशा एका यंत्राला बायरन नेल्सन या खेळाडूच्या नावावरून 'आयर्न बायरन' म्हणत, कारण त्याचा फटका अतिशय सातत्याचा मानला जायचा. त्या यंत्राचं काम एकच: तोच फटका पुन्हा पुन्हा मारणं. चेंडू एकदा एका दिशेने ठेवायचा, मग दुसऱ्या दिशेने, आणि दोन ढिगाऱ्यांतला फरक बघायचा. आधी मारणाऱ्याचा विखुरलेपणा काढून टाकला, तेव्हा कुठे चेंडूचा विखुरलेपणा दिसू लागला. आपल्या प्रयोगात ही पहिली पायरीच गायब असते.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप: "सातत्य म्हणजे मिडिऑक्रिटी. नेहमी सरासरी राहणाऱ्यापेक्षा एखादा षटकार मारणारा बरा." इथे मी कॅरमचं उदाहरण देतो, हॉस्टेलवर सगळ्यांना पटेल. एक स्ट्रायकर दर वेळी दोन सोंगट्यांइतका डावीकडे जातो. दुसरा कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी अगदी बरोबर. दोनपैकी कुठला घ्याल? पहिला! दोन डावांत तुम्ही उजवीकडे नेम धरायला शिकाल आणि जिंकाल. दुसऱ्याला मात्र चाळीवरून खाली भिरकवावं लागेल, कितीही पावडर टाका. कायम तेवढीच राहणारी चूक दुरुस्त करता येते. विखुरलेली चूक आधी आवळावी लागते, मगच दुरुस्त करता येते. उत्तमाकडे जाण्याचा रस्ता सातत्यातूनच जातो.

आणि हे फक्त खेळापुरतं नाही. आपल्यातले निम्मे जण उद्या चाकण-भोसरीच्या एखाद्या कारखान्यात उभे असणार. तिथे पिस्टनचा सरासरी व्यास बरोबर आहे एवढ्याने भागत नाही. हजार पिस्टनांत किती पसरलेत, यावर माल परत येतो की पास होतो ते ठरतं. 'प्रोसेस कपॅबिलिटी' हा शब्द आपण मेट्रॉलॉजीच्या पेपरात चार मार्कांसाठी पाठ करतो. तिथे त्यावर पगार ठरतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: "वेळ कुठे आहे?" सर-मॅडमही हेच म्हणतात, आणि त्यांची अडचण खोटी नाही. अभ्यासक्रमात अमुक इतके प्रयोग पूर्ण व्हायलाच हवेत, सबमिशनची तारीख डोक्यावर, सेटअप एकच. यावर माझं उत्तर एवढंच: दहा प्रयोग एकेकदा करून दहाही न कळण्यापेक्षा, सहा प्रयोग नीट आणि पुन्हा पुन्हा करून सहा कळलेले काय वाईट? हा निर्णय विद्यार्थ्यांच्या हातात नाही, हे मला कळतं. पण निदान कुणीतरी बोलायला तर हवं.

मीठ, पाणी आणि एक जुना चेंडू

नुसती टीका करून लेख संपवणं बरं नाही, म्हणून तीन सूचना.

एक: प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये निकालाच्या आकड्याशेजारी दोन गोष्टी सक्तीने लिहायच्या. किती वेळा मोजलं, आणि रीडिंग्ज किती पसरली. हे दोन आकडे नसतील तर रिपोर्ट परत. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही, पैसाही लागत नाही.

दोन: दर सेमिस्टरला एक प्रॅक्टिकल असं ठेवायचं की ज्यात काहीही बदलायचं नाही. तोच व्हॉल्व्ह, तोच वेग, दहा वेळा रीडिंग. आपल्या सेटअपचा स्वतःचा विखुरलेपणा किती, ते एकदा डोळ्यांनी बघायचं.

तीन: हे आजच करता येईल. कुठून तरी एक जुना गोल्फ बॉल मिळवा. त्याचं वजन नियमाने जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, व्यास कमीत कमी ४२.६७ मिमी; म्हणजे घनता पाण्याच्या सुमारे १.१३ पट. साध्या पाण्यात तो बुडतो. लिटरभर पाण्यात पाव किलो मीठ नीट विरघळवलं की तरंगायला लागतो. स्थिर झाल्यावर जो भाग वर येईल तिथे पेनाने ठिपका काढा. मग चेंडू गोल फिरवून सोडा. पुन्हा बघा, पुन्हा ठिपका काढा. असं दहा वेळा. दहाही ठिपके एकाच जागी आले, तर चेंडूचा गुरुत्वमध्य केंद्रापासून सरकलेला आहे, जड बाजू दर वेळी खाली जातेय. मग वरची डिंपल्सची नक्षी कितीही सुंदर असो, फिरताना तो चेंडू डगमगणारच. ठिपके सगळीकडे पसरले, तर चेंडू चांगला!

गंमत बघा. या प्रयोगात एकाच ठिपक्यावरून काहीच कळत नाही. पहिल्या रीडिंगला चांगला चेंडू आणि वाईट चेंडू अगदी एकसारखे दिसतात: दोघांवरही एकेक ठिपका. फरक कळायला लागतो तो तिसऱ्या-चौथ्या ठिपक्यापासून. ज्याने एकदाच मोजलं, त्याला चेंडूबद्दल काहीही माहीत नाही, आणि आपल्याला माहीत नाही हेही त्याला माहीत नाही.

टेलरने १९०५ साली खळगे पाडले तेव्हा चेंडू लांब नेण्याची युक्ती हाती आली होती. त्यानंतरचं एक शतक माणसं शिवणी, त्रिकोण, मायक्रॉन आणि रंगाचे थर यांच्याशी झटत राहिली, कारण एकदा लांब जाणं त्यांना पुरेसं वाटलं नाही. येत्या प्रोजेक्टच्या प्रेझेंटेशनला कुणी "किती टक्के वाढलं?" असं विचारलं, तर उत्तर जरूर द्या. आणि समोर बसलेल्यांपैकी कुणीतरी हात वर करून एवढंच विचारा: "किती वेळा मोजलंत?"

(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)